दाढ दुखायची थांबली, मग रूट कॅनॉल कशाला?

"मी ४६ वर्षांची आहे. सिंहगड रस्त्यावर आमचं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. खालची उजवीकडची दाढ तीन वर्षांपूर्वी किडली होती, तेव्हा सिमेंट भरून घेतलं. ते गेल्या पावसाळ्यात निघालं, मी लक्ष दिलं नाही. गेल्या महिन्यात आधी थंडाने कळ यायची, मग रात्र रात्र ठणका लागायचा. शेवटी शेवटी तर गरम चहाने जीव जायचा आणि गार पाण्याची गुळणी तोंडात धरून बसले की बरं वाटायचं. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. मग एके दिवशी दुखणं एकदम थांबलं. आता त्या बाजूने चावलं तर थोडं दबल्यासारखं होतं, आणि हिरडीवर एक बारीक पुळी आली आहे. ती फुटते, पुन्हा येते. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून रूट कॅनॉल आणि कॅप सांगितली, मिळून साडेअकरा हजार. दुखत नसताना एवढा खर्च का करायचा? शेजारच्या वहिनी म्हणतात, असल्या कळा बाळंतपणातही नसतात. आई म्हणते, दाढेला हातच लावू देऊ नको, तिच्या नसा डोळ्याला जातात, मिश्री लाव. मला शुगरची गोळी चालू आहे. काय करू?"
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

ताई,

तुमच्या पत्रातलं 'दुखणं एकदम थांबलं' हे वाक्य वाचून मला बरं वाटायच्या ऐवजी काळजी वाटली. २७ वर्षं मी दातांची डॉक्टर म्हणून पेशंटच्या खुर्चीशेजारी उभी आहे, आणि हे वाक्य समाधानाने सांगणारी माणसं चार-सहा महिन्यांनी गाल सुजवून परत आलेली पाहिली आहेत. तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, पण तुम्ही जे क्रमाने लिहिलंय त्यावरून तुमच्या दाढेत काय घडलं ते बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

दाताचं बाहेरचं कवच टणक, त्याच्या आत थोडा मऊ थर आणि अगदी मध्ये जिवंत गाभा. त्या गाभ्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात. आपण सगळ्याला मिळून 'नस' म्हणतो. हा गाभा दाताच्या डोक्यातून मुळांच्या टोकापर्यंत बारीक नळ्यांमधून उतरतो. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात, कधी चार. प्रत्येक मुळाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढं छिद्र, आणि रक्त आत-बाहेर जायची मुख्य वाट तीच.

आता तुम्ही रोज कुकर लावता, म्हणून तीच उपमा देते. बोटाला लागलं तर बोट सुजतं, कातडी ताणली जाते, सुजेला जागा मिळते. दाताच्या आत कीड पोचली की तिथेही सूज येते, पण भिंती दगडासारख्या. कुकरची शिट्टी अडकल्यावर जे होतं तेच आत होतं, दाब वाढत जातो. तुम्ही आडव्या झालात की डोक्याकडे रक्त जास्त जातं, म्हणून ठणका रात्री. गरम चहाने आतला दाब आणखी वाढतो, गार पाण्याने जरा उतरतो. गार गुळणीने आराम मिळायला लागणं ही नस शेवटच्या घटका मोजत असल्याची खूण असते. पुढे त्या दाबाखाली बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि नस मरते. मेलेली नस दुखत नाही. तुमची कळ थांबली ती अशी. गोळ्यांचा त्यात फारसा वाटा नाही.

नस मेल्यावर आतल्या जंतूंना मोकळं रान मिळतं. शरीराचं रक्त तिथे पोचत नाही, म्हणजे पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत आणि अँटिबायोटिकही नाही. हे मला जरा ठासून सांगायचंय, कारण दात दुखला की मेडिकलमधून पाच दिवसांची अँटिबायोटिक्स आणायची सवय आपल्याकडे घराघरांत आहे. एक तर ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. दुसरं, मेलेल्या दातात रक्तातून जाणारं औषध शिरतच नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली, तीही हेच सांगते: एरवी धडधाकट असलेल्या प्रौढ माणसाच्या अशा दातदुखीत बहुतेक वेळा अँटिबायोटिक देऊ नये, आधी दातावर उपचार करावा. ताप आला, सूज पसरायला लागली, तर मात्र ती द्यावी लागतात, आणि तेव्हा ती लागू पडायला हवीत. उगाच घेऊन आपण ती बोथट करून ठेवतो.

आणि ती पुळी. मुळाच्या टोकाशी पू साठला, त्याने आजूबाजूचं हाड थोडं थोडं विरघळवत हिरडीपर्यंत वाट काढली. तीच पुळी होऊन फुटते, भरते, पुन्हा फुटते. पू बाहेर निघतोय म्हणून दाब नाही, आणि दाब नाही म्हणून ठणका नाही. ती वाट कधी बंद झाली तर एका रात्रीत गाल सुजेल. पुळी नखाने फोडू नका, दाबू नका.

वहिनींच्या कळांबद्दल सांगते. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. नस जिवंत आणि भडकलेली असताना, विशेषतः खालच्या दाढेत, भुलीचं इंजेक्शन कधी कधी नीट चढत नाही. सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे औषधाचा जोर कमी पडतो. अशा वेळी थांबून पुन्हा भूल द्यावी, दुसऱ्या जागी द्यावी, नाहीच जमलं तर त्या दिवशी आराम पडेल एवढंच करून पुढची तारीख द्यावी. सगळीकडे तेवढा धीर धरला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण एका माणसाची अशी कळ दहा घरांत सांगितली जाते आणि ती दहा माणसं दवाखान्यात यायला वर्ष लावतात. तुमची नस बहुधा मेलेली आहे, म्हणून तुम्हाला त्रास वहिनींपेक्षा पुष्कळ कमी होईल. एखाद्या नळीत थोडा जीव उरलेला असू शकतो. कळ आली तर डावा हात वर करायचा, डॉक्टर थांबतील, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

प्रत्यक्षात काय करतात ते नीट सांगते, कारण निम्मी भीती न कळल्याची असते.

आधी इंजेक्शन. पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि जीभ बधिर होते. त्या औषधात थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, त्याने दोन मिनिटं छाती धडधडली तर घाबरू नका. मग दाढेवर एक पातळ रबराचा पडदा बसवतात, त्याला रबर डॅम म्हणतात. फक्त तुमची दाढ त्यातून वर डोकावते, बाकी तोंड झाकलेलं. थुंकीतले जंतू दाढेत जात नाहीत, दाढेतलं औषध घशात जात नाही, हातातून निसटलेली बारीक सुई पोटात जात नाही. डॉक्टरांना आधी विचारा, रबर डॅम लावता का? लावत असतील तर तुम्ही चांगल्या हातात आहात असं मी निम्मं तिथेच मानेन.

नंतर वरून छोटं दार उघडून कीड आणि सडलेली नस काढतात. नळीची लांबी मोजायला एक लहान यंत्र असतं, टोक जवळ आलं की ते बीप-बीप करतं. त्या लांबीपर्यंत केसासारख्या बारीक, लवचीक कानसांनी नळी आतून घासतात, आणि मधून मधून सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्याने धुतात. टिळक तलावावर पोहायला गेलं की जो वास येतो, तसाच वास येईल. माझ्या मते सगळ्या उपचाराचा प्राण या धुण्यात आहे. नळ्यांना आडव्या फांद्या असतात, कोपरे असतात, तिथे कानस पोचत नाही, पाणी पोचतं. घाईघाईने उरकलेलं रूट कॅनॉल बहुतेक इथेच फसतं. तासभर लागला तर कुरकुर करू नका, तो तास तुमच्याच भल्याचा आहे.

पू येत असेल तर आत कॅल्शियमचं औषध ठेवून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. एका बैठकीत संपवणारे डॉक्टर आणि दोन-तीन बैठका घेणारे डॉक्टर, दोघांचे निकाल साधारण सारखेच येतात; त्यावरून डॉक्टरांची पारख करू नका. नळ्या कोरड्या झाल्या की त्यात गटापर्चा भरतात. हा मलेशियाकडच्या एका झाडाचा चीक आहे, रबराचा चुलतभाऊ म्हणा. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या तारेच्या केबलींना पाणी लागू नये म्हणून याचंच आवरण दिलं होतं. पाण्याला आत शिरू देत नाही, हाच त्याचा गुण आपल्याला दातात हवा असतो.

शेवटी एक एक्स-रे काढतात. तो मागून घ्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नळीत भरलेलं पांढरं मुळाच्या टोकाच्या अगदी जवळपर्यंत गेलेलं दिसायला हवं. किरणांची धास्ती नको: दाताच्या एका छोट्या एक्स-रेचा डोस आपल्याला एका दिवसात निसर्गातून मिळतो साधारण तेवढाच.

घरी गेल्यावर दोन-चार दिवस चावताना दुखेल. साधी पॅरासिटामॉल बहुधा पुरते. दुसरी वेदनाशामकं डॉक्टरांना विचारूनच घ्या, शुगरच्या पेशंटने तर किडनीचा विचार करूनच घ्यायची असतात. बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ नका. ओठ चावला गेला तरी तेव्हा कळत नाही.

आता कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण. इथे मला माझ्या आईची गोष्ट सांगावी लागेल. तिच्या दाढेचं रूट कॅनॉल उत्तम झालं होतं. दुखणं गेलं, वरून सिमेंट भरलं होतं, आणि घरात धाकट्या बहिणीचं लग्न. कॅप लग्नानंतर करू, असं ठरलं. मग दिवाळीनंतर. मग संक्रांतीला तिळाची कडक वडी खाताना दाढ उभी चिरली, पार मुळापर्यंत. तशी चिरलेली दाढ वाचवता येत नाही. इतका वेळ, इतका पैसा घालून वाचवलेली दाढ मला माझ्या हाताने काढावी लागली. मी दातांची डॉक्टर असून घरात हे झालं, म्हणून मी कॅपच्या बाबतीत हट्टी आहे.

कीड आणि वरून पाडलेलं दार, यांत दाढेचा इतका भाग जातो की उरलेल्या भिंती पातळ होतात. पुढच्या दाताला कधी कधी कॅप नसली तरी चालतं. दाढेवर चावण्याचा सगळा भार, तिला हवीच. अमेरिकेत २००४ मध्ये एक मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. १४ लाखांहून जास्त रूट कॅनॉल केलेल्या दातांपैकी ९७ टक्के दात आठ वर्षांनीही तोंडात होते. आणि जे काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. तेव्हा साडेअकरा हजारांतले कॅपचे पैसे वरचा खर्च समजू नका.

हां, कॅप कोणती, यात मात्र वाचवता येतं. मागच्या दाढेला दिसण्यासाठी दाताच्या रंगाची झिर्कोनियाच हवी असं काही नाही. पूर्ण धातूची कॅप स्वस्त असते, दातही कमी घासावा लागतो आणि ती वर्षानुवर्षं टिकते. हसताना दिसणार नसेल तर मी धातूचीच सुचवते. दर वेगवेगळे लिहून मागा: रूट कॅनॉलचे किती, वरच्या भरावाचे किती, कॅपचे किती.

तरीही रक्कम जड असेल तर दुसरा रस्ता आहे आणि तो कमीपणाचा नाही. तुमच्या जवळच वडगाव बुद्रुकला सिंहगडचं दंत महाविद्यालय आहे, धनकवडीला भारती विद्यापीठाचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि दर खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, फेऱ्या जास्त होतात, एकेक बैठक लांबते. केंद्र सांभाळून तेवढा वेळ निघतो का, ते तुम्ही पाहा. मेडिक्लेम असला तर त्यावर विसंबू नका, अपघात सोडून दाताचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

दाढ काढून टाकणं हाही एक उपचार आहे, आणि कधी कधी तोच बरोबर असतो: दाढ हाडापर्यंत तुटली असेल, उभी चिरली असेल, हिरडीच्या रोगाने डुलत असेल तर. तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून रूट कॅनॉल सांगितलंय, म्हणजे भिंती शिल्लक असाव्यात. काढणं त्या दिवशी स्वस्त पडतं. पण मग शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलते, वरची खाली उतरते, फटीत घास अडकायला लागतो. जागा भरायची तर इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला दात); ब्रिजसाठी शेजारच्या दोन चांगल्या दाढा घासाव्या लागतात. दोन्हींचा खर्च साडेअकरा हजारांच्या पुढे जाण्याची शक्यता जास्त. आणि तुमची ही दाढ पहिली मोठी दाढ असेल तर ती साधीसुधी नाही. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येते, कुठला दात पडून येत नाही, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. चाळीस वर्षं तुमची भाकरी तिने चावली आहे.

आईंना काय सांगायचं? त्यांना हसू नका. दाढेची संवेदना ज्या मज्जातंतूने जाते, त्याच्या तीन शाखा आहेत: एक डोळ्याभोवती आणि कपाळाकडे, एक वरच्या जबड्याला, एक खालच्या. म्हणून दाढेचा ठणका कानात, कानशिलात जातो, डोळ्यामागे दुखल्यासारखं वाटतं. पण दिसण्याची नस वेगळी, तिचा दाढेशी संबंध नाही. पूर्वी वरच्या दाढेचा पू वाढून डोळा सुजून बंद झालेली माणसं लोकांनी पाहिली असतील आणि त्यातून ही समजूत आली असेल, असं मला वाटतं. म्हणजे त्यांची भीती अगदीच निराधार नाही. फक्त डोळ्याला धोका झाला तर तो न केलेल्या उपचारातून होतो.

मिश्री मात्र नको, तुम्हाला नको आणि आईंनाही नको. ती जाळलेली तंबाखू आहे. त्याने बधिर वाटतं म्हणून आराम पडल्यासारखा होतो, आणि तोंडाचा कॅन्सर त्याच वाटेने येतो. लवंगेच्या तेलाचा बोळा दुखत्या दाताला तात्पुरता उतारा देतो, त्यात तथ्य आहे. हिरडीवर दुखण्याची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. सुजलेल्या गालाला बाहेरून शेकू नका.

शुगर असल्याने तुम्ही लांबणीवर टाकणं आणखी धोक्याचं आहे. शुगर वाढलेली असली की संसर्ग पसरतो लवकर आणि भरतो उशिरा. आणि दातातला संसर्ग उलट शुगर आटोक्यात येऊ देत नाही. अलीकडचा शुगरचा रिपोर्ट बरोबर न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा. सकाळची वेळ घ्या, नेहमीसारखी गोळी घेऊन, पोटभर खाऊन जा. संकष्टी किंवा एकादशीचा उपवास असेल तर ती तारीख घेऊच नका. उपाशीपोटी खुर्चीत बसून शुगर उतरलेल्या, घाम फुटलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात.

तोपर्यंत एवढं लक्षात ठेवा. जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, बोलताना आवाज घोगरा झाला, डोळा सुजून मिटायला लागला किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी ससूनला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. त्या सुजेने श्वासाची वाट बंद होऊ शकते.

यशाची खात्री विचाराल तर शंभरातली साधारण ८५ ते ९५ रूट कॅनॉल्स यशस्वी होतात. एखादी वाकडी नळी सुटते, एखादा जंतू राहतो, तेव्हा पुन्हा करावं लागतं किंवा मुळाच्या टोकाची छोटी शस्त्रक्रिया करतात. पुळी बहुधा काही दिवसांत आपोआप सुकते. महिनाभरानंतरही ती तशीच असेल तर डॉक्टरांना दाखवा.

या आठवड्यातली वेळ घ्या, आणि जमलं तर आईंना बरोबर न्या. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग असेल, तिथलं हाड गेलेलं आहे. डॉक्टरांना तो बोट ठेवून त्यांना दाखवायला सांगा. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, वर्षाने आणखी एक. तो डाग हळूहळू लहान होत जातो, नवं हाड भरतं. दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून आईंना दाखवा.